तेरा चुली आणि गयामायचा दोर

अन्वी, सम्यक,

मागच्या रविवारी फोनवर बोलताना तुम्ही दोघांनी माझं गाव नकाशात शोधलंत. मी सांगत गेले तशी अन्वी बोट सरकवत गेली. आधी वाशिम, मग रिसोड, मग केनवड, आणि तिथून पुढे बारीक रस्ता. शेवटी ती म्हणाली, "आजी, इथे नुसतं पाणी आहे."

पाणी आहे हे बरोबर. पाळवस्ती त्या पाण्याच्या कडेला आहे. घरं तेराच असल्यामुळे नकाशा करणाऱ्याच्या नजरेतून सुटली असतील. हे सगळं लिहून ठेवायचं माझ्या मनात बरेच दिवस होतं. आता आणखी थांबू नये असं वाटलं, कारण यंदाच्या डिसेंबरात आमच्या तळ्यातली वाटणी पहिल्यांदाच गयामायशिवाय झाली. तिने पहिल्यांदा दोर हातात घेतला तो दिवस पाहिलेली माणसंही आता थोडीच उरली आहेत. तुमची आई हे तुम्हाला वाचून दाखवेल. मधे वऱ्हाडी बोलणं येईल ते तिने तसंच वाचावं, सुधारू नये.

आधी जागा सांगते, म्हणजे बाई कळेल.

तळं किती जुनं आहे ते कोणाला माहीत नाही. त्याच्या एका अंगाला दगडमातीचा उंच बांध आहे, त्याला आम्ही पाळ म्हणतो. पाळीच्या पायथ्याशी आमची घरं: दहा बौद्धांची, दोन मासे धरणाऱ्या भोयांची आणि एक कुणब्याचं. समोरच्या अंगाला जमीन हळूहळू उतरत पाण्यात जाते. पावसाळ्यात ती सगळी बुडते. हिवाळ्यात पाणी मागे सरकलं की तिथे काळा, मऊ गाळ उघडा पडतो. नांगर नको, खत नको. हातानं हरभरा टोबला की मार्चपर्यंत पीक उभं राहतं. पाणी आणखी उतरलं की खालच्या ओल्या पट्ट्यात काकडी आणि टरबूज. पाळवस्तीत जवळजवळ कोणाच्याही नावावर शेत नव्हतं. हा गाळच आमचं शेत.

तो आम्हाला कसा मिळाला, तर पाळीच्या राखणीमुळे. पावसाळ्यात पाळीला कुठे पाझर फुटतो का, खेकड्यानं बीळ केलंय का, हे आमचे लोक पिढ्यान्‌पिढ्या पाहत आले. त्या बदल्यात गाळ पेरायची मुभा होती. छप्पन्न साली माझे वडील आणि वस्तीतले इतर लोक नागपूरहून दीक्षा घेऊन आले तेव्हा मी पाळण्यात होते. त्यांनी गावकीची सगळी कामं सोडली. मेलेली गुरं ओढणं बंद, सांगावे पोचवणं बंद. दोन किलोमीटरवरच्या मोठ्या गावातल्या काही लोकांना वाटलं, आता हे पाळही सोडतील आणि गाळ आपोआप मोकळा होईल. त्यावर वस्तीतले म्हातारे कोंडूबाबा जे बोलले ते मी माझ्या वडिलांकडून अनेकदा ऐकलं आहे: "ते कामं तुमचे होते, ते सोडले. पाळ आमच्या उशाशी हाय. ते काम पहिल्यापासून आमचंच होतं."

या कोंडूबाबांची सून म्हणजे गयाबाई. मेडशीकडची. लग्न होऊन आली तेव्हा मी तीन-चार वर्षांची असेन. आमच्याकडे वडिलांच्या थोरल्या भावाच्या बायकोला मोठीमाय म्हणतात. गयाबाई नात्यानं माझी कोणी नव्हती, तरी वस्तीतली सगळी लेकरं तिला मोठीमाय म्हणत आणि मोठी माणसं गयामाय. मी वाशिमला कॉलेजात इंग्रजी शिकवायला लागल्यावर तिने मला 'मास्तरीण' करून टाकलं. रागावली की मात्र मी परत शकू व्हायची.

आता वाटणीचं. गाळावर दर वर्षी पाणी चढतं, म्हणून बांध टिकत नाहीत. मागच्या वर्षी कुणाचं कुठे होतं याची एकही खूण उरत नाही. त्यामुळे दर डिसेंबरात सगळा गाळ नव्याने मोजून वाटावा लागतो. एका चुलीला एक वाटा. घरात नऊ माणसं असोत की एकटी विधवा असो, वाटा सारखाच. पट्टे वरच्या काठापासून थेट पाण्यापर्यंत उभे पाडायचे, म्हणजे कोरडी, मधली आणि ओली जमीन प्रत्येकाला थोडी थोडी येते. पट्ट्याची रुंदी एक दोर. दोर अंबाडीचा, वीस हात लांब. ओढ्याच्या तोंडाशी गाळ सर्वांत कसदार, म्हणून वाट्यांचा क्रम दर वर्षी फिरता.

तो दोर कोंडूबाबांच्या हातात असायचा. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला, आणि मुलगा, म्हणजे गयामायचा नवरा, वाशिमला एसटीच्या कामावर. मग तीन हिवाळे गयामाय सासऱ्याचा हात धरून गाळात चालली. चौथ्या हिवाळ्यात सासरा काठावर बसला आणि दोर तिने घेतला.

तेव्हा काही पुरुषांना ते रुचलं नाही. त्यातला श्रीपत नावाचा एक जण मोठ्यानं म्हणाला, "बाईनं मोजलेलं कोन मानन?"

"नको मानू भाऊ," गयामाय म्हणाली. "घे, तूच मोज. म्या दुसरं टोक धरते."

श्रीपतने दोर घेतला आणि पायातल्या वहाणांसकट ऐटीत गाळात उतरला. गाळ पिकला की नाही, म्हणजे माणूस पेलण्याइतका घट्ट झाला की नाही, हे आधी पाहावं लागतं. गयामाय अनवाणी जाऊन टाच रोवायची आणि वीस आकडे मोजायची. तेवढ्यात टाचेच्या खळग्यात पाणी भरलं नाही तर गाळ पिकला. श्रीपतला हे ठाऊक नव्हतं. सातव्या पावलाला तो मांडीपर्यंत रुतला. त्याला बाहेर काढायला तोच दोर लागला. वहाणा वर आल्याच नाहीत. गयामाय हसली नाही. तिने चिखलाचा दोर तळ्यात खळबळून धुतला आणि म्हणाली, "चला, आता उजव्या अंगानं घेऊ. तिकडं पिकला हाय." पुन्हा तो प्रश्न कोणी काढला नाही. पुढची पन्नास-एक वर्षं दोर तिच्याकडे राहिला.

ती अंगानं बारीक, उन्हानं रापलेली, चालायला अशी की आम्हाला धावावं लागायचं. दोन बोटं तोंडात घालून ती शिट्टी वाजवायची. चार गावांत अशी शिट्टी वाजवणारी बाई दुसरी नव्हती. एक शिट्टी म्हणजे थांबा, दोन म्हणजे पुढे व्हा. दोराचं दुसरं टोक धरणारा लांब असायचा, त्याला ओरडून सांगण्यापेक्षा हे बरं असं तिचं म्हणणं. तिचा मुलगा प्रल्हाद शाळेत मास्तर झाला तेव्हा त्याला या शिट्टीची लाज वाटायला लागली. "माय, लोक हासतात," तो एकदा म्हणाला. ती म्हणाली, "हासू दे. थांबतात का नाही?"

कोणाशीही बोलताना ती आधी त्याच्या पायांकडे पाहायची. सवयच तशी झाली होती. गाळात उमटलेल्या टाचेवरून कोण गेलं ते ती सांगायची, आणि सहसा चुकायची नाही. मी सुट्टीत आले की माझ्या चपलांकडे पाहून म्हणायची, "मास्तरीण, शयरात जमीन नसते काय वं? तुह्या टाचा लेकरावानी झाल्या."

आणखी एक गंमत. एकदा तिने मला विचारलं, "तुह्या इंग्रजीत गाळाले काय म्हन्तात?" मी शब्द सांगितला. ती म्हणाली, "अन् दुसरे?" मी म्हटलं, दुसरा एक आहे, चिखलाचा. तिला माझी कीव आली. मग काठावर बसून तिने मला गाळाचे प्रकार सांगितले. हरभऱ्याचा वेगळा, काकडीचा वेगळा, वरून सुकलेला पण आत फसवणारा वेगळा, नुसता पाय धरून ठेवणारा वेगळा. मी ते वहीत लिहून घेतले. वही आजही कपाटात आहे.

वाटणीत लबाडी व्हायची ती चुलीवरून. एका चुलीला एक वाटा, तेव्हा घरात दोन चुली झाल्या की दोन वाटे. माझेच दोन चुलत भाऊ, दामू आणि किसन, एका डिसेंबरात म्हणाले की आम्ही वेगळे झालो. गयामाय पाहायला गेली. मी सुट्टीसाठी आले होते, तिच्यामागे मीही गेले. पडवीत नवी कोरी चूल घातलेली होती. दामूनं ती हातानं दाखवली.

"हे पाह्य, मोठीमाय. किसन्याची चूल."

गयामाय चुलीपुढे उकिडवी बसली. राखेत हात घातला, चिमूट उचलून वास घेतला.

"कवा वेगळे झाले?"

"झाला असन महिना."

"महिनाभर काय खाल्लं किसन्यानं?"

"भाकर. काय खाईन दुसरं?"

"ह्या चुलीनं त भाकर पाह्यलीच नाही बापा. राख हाय काड्याची, अन् ते बी आज सकायची."

आतून किसनच्या बायकोला हसू फुटलं. तिने तोंडात पदर कोंबला तरी ऐकू आलंच. गयामाय उठली, हात झटकले.

"चूल मातीची नसते रे, भांडनाची असते. आंधी नीट भांडून घ्या, मंग बलवा मले."

दोन वर्षांनी ते खरंच भांडले, तेही चांगलं पाळीपर्यंत ऐकू जाईल असं. त्या डिसेंबरात चूल न पाहताच तिने किसनचा वाटा टाकला. पुढे घरोघरी गॅस आला. धूर दिसेना, राख मिळेना. तेव्हा लोकांनी विचारलं, आता कसं ओळखशील? ती म्हणाली, "कुकरच्या शिट्या मोजीन." आणि खरोखरच सकाळी पाळीवरून फिरताना ती कान देऊन जायची.

आता जे सांगते ते तिच्या चुकीचं. ते तिने स्वतःच सगळ्यांना सांगितलं, म्हणून मीही लपवत नाही.

अंबाडीचा दोर कोरडा असतो तेव्हा लांब असतो. भिजला की आखडतो. गाळात मोजताना तो भिजणारच, म्हणून मोजणीच्या आधी तो पूर्ण एक दिवस तळ्यात दगडाखाली बुडवून ठेवायचा, म्हणजे जेवढा आखडायचा तेवढा आधीच आखडतो आणि पहिल्या वाट्यापासून शेवटच्यापर्यंत सारखा राहतो. ही कोंडूबाबांची शिकवण. एका वर्षी जुना दोर झिजला म्हणून नवा वळला. दोन बाया बाळंतपणाला अडल्या होत्या, गयामाय त्यांच्यामागे होती, आणि दोर तळ्यात पडला तो अर्धाच दिवस. बाहेरून भिजला, आतून कोरडा. मोजणी सुरू झाली तेव्हा तो वीस हात होता, आणि पट्ट्यामागून पट्टा मोजताना आतपर्यंत भिजत, आखडत गेला. कोणाच्या लक्षात आलं नाही. तिच्याही नाही.

हरभरा उगवला तेव्हा ती एका सकाळी काठानं चालत होती. चालताना ओळी मोजायची तिची सवय. पहिल्या पट्ट्यात तीस ओळी, दुसऱ्यात तीस, तिसरा तिचा स्वतःचा, त्यातही तीस. शेवटच्या चार पट्ट्यांत अठ्ठावीस. ती परत मागे गेली आणि पुन्हा मोजलं. मग तिने दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारली की वस्तीतली माणसं हातचं काम टाकून आली. त्यांना वाटलं पाळ फुटली.

"म्या चुकली," ती म्हणाली. "दोर पुरा भिजला नव्हता. ह्या चौघाइले जमीन कमी गेली."

ज्यांना कमी गेली होती त्यांनाही ते तेव्हाच कळलं. त्यातला एक, भोयांचा नामदेव, म्हणाला, "जाऊ दे मोठीमाय, दोन ओयीनं काय होते?"

"पीक उभं हाय, आता जमीन सरकवता येत नाही. माह्या पट्ट्यातल्या दोन-दोन ओळी तुमी चौघं घ्या. कापनीले येजा."

त्या सुट्टीत हे ऐकल्यावर मी कागदावर हिशेब मांडला. जास्तीची जमीन पहिल्या अनेक वाट्यांत थोडी थोडी गेली होती, तेव्हा भरपाईही सगळ्यांनी थोडी थोडी करायला हवी, हे मी तिला समजावून सांगितलं. तिने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"बरोबर हाय तुहा हिशेब," ती म्हणाली. "पन चूक माही होती ना वं? मंग ओळी बी माह्याच."

मार्चमध्ये चार घरांनी तिच्या पट्ट्यातल्या आठ ओळी कापून नेल्या. पुढच्या डिसेंबरात तिने नवा नियम काढला. ज्याच्या हातात दोर, त्याचा वाटा सगळ्यात शेवटी मोजायचा. शेवटचा वाटा खडकाकडचा, गाळ तिथे पातळ. वस्तीनं नको म्हणून पाहिलं, तिने ऐकलं नाही. तेव्हापासून फिरते वाटे बाराच राहिले. तेरावा कायम तिचा.

पाळवस्तीवर खरं संकट आलं ते चार वर्षांपूर्वी. मोठ्या गावात एक नोटीस लागली. तळ्यातली सगळी गाळाची जमीन यापुढे एकाच अर्जदाराला एकत्र द्यायची, असं त्यात होतं. मोठ्या गावातल्या एका बागायतदारानं अर्जही दिला होता, त्याच्याकडे ट्रॅक्टर होते, पंप होते. आमच्याकडे कागदाचा एक कपटाही नव्हता. पाळीची राखण करायची आणि गाळ पेरायचा, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. सगळ्यांना कळत होतं की गाळ गेला तर तेरा घरांना तिथे राहायचं कारण उरणार नाही. पोरं पुण्याला नाहीतर सुरतेला जातील, म्हातारे मागे राहतील, आणि दोन-चार पावसाळ्यांत पाळीकडे पाहायलाही कोणी नसेल.

अर्ज लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी चार पानं लिहिली. व्यवस्थित, परिच्छेद पाडून, आमची गरिबी, पिढ्यान्‌पिढ्यांचे कष्ट, सगळं घातलं. विहारात सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. लोकांनी माना डोलावल्या. गयामाय माझ्या पायांकडे पाहत ऐकत होती. तेव्हा ती ऐंशीच्या पुढे होती.

"शकू," ती म्हणाली, "हे लय रडून राह्यली तू."

"मोठीमाय, अर्ज असाच असतो."

"काहून? आपन काय मांगून राह्यलो? आपन सांगून राह्यलो. पाळ कोन राखते ते लिव. वाटा कसा पाडतो ते लिव. अन् मोजनीच्या दिवशी या म्हना, डोयानं पाहा. बाकीचं काढ."

मला थोडं लागलं, खोटं कशाला सांगू. चार पानांचं मी एक पान केलं. आयुष्यभर मुलांना निबंध शिकवले, पण त्या एका पानाइतकं नेटकं मी दुसरं काही लिहिलेलं नाही.

मोजणीच्या दिवशी तालुक्याहून एक तरुण अधिकारी खरोखर आले. सोबत मोजायचा फिता होता, मोबाइलवर नकाशा होता. बूट काढून, पँट दुमडून ते काठावर उभे राहिले. गयामायनं आधी त्यांच्या पायांकडे पाहिलं.

"सायेब, माह्या मांगं मांगं या. मी पाय ठेवीन तिथंच पाय ठेवा."

ते निमूट तिच्यामागे गेले. तिची शिट्टी, दुसऱ्या टोकाला प्रल्हाद, बाभळीच्या खुंट्या, एकेका चुलीचं नाव घेऊन टाकलेला एकेक वाटा. तीन तास चाललं. संपल्यावर त्यांनी फिता काढला आणि स्वतः सगळं पुन्हा मोजलं. बारा वाट्यांत बोटाबोटाचा फरक निघाला. तेराव्याशी ते थांबले. पुन्हा मोजलं.

"आजी, हा वाटा दीड हात कमी भरतोय."

"भरन."

"म्हणजे तुम्हाला माहीत आहे?"

"खडक लागते ना तिथं. दोर पुरा बसत नाही."

"मग या माणसावर अन्याय नाही का झाला? हा वाटा कोणाचा?"

मला वाटलं, इथेच सगळं अडतंय.

"माहा हाय," गयामाय म्हणाली.

साहेबांनी फिता गुंडाळला. मग त्यांनी विचारलं, "हे असं कधीपासून?"

"मोजनाऱ्यानं आपला वाटा आखरीले घ्यावा, सायेब. कमी पडलं त त्याचंच पडलं पायजे. नाहीतर दुसऱ्या साली कोनी दोर धरू देत नाही." मग ती म्हणाली, "चाला, चा पिऊन जा. पाय धुवा आंधी, नाहीतर बुटात गाळ जाईन, अन् तो बुटातला गाळ आमाले वाटता येत नाही."

तेव्हा साहेब पहिल्यांदा हसले.

निकाल यायला सात महिने लागले. त्या सात महिन्यांत पावसाळाही लागला आणि वस्तीनं नेहमीसारखी पाळ राखली. तेरा घरांनी मिळून गाळ कसावा अशी परवानगी आली. कागदावर एका प्रमुखाचं नाव हवं होतं. सगळ्यांनी गयामायचं सुचवलं. ती नको म्हणाली. "आज माहं नाव लिवसान, उद्या माह्या नातवाले वाटन तलाव त्याच्या आजीचा होता." मग प्रल्हादनं कार्यालयात जाऊन सांगितलं की प्रमुख कोणी नाही, यादी घ्या. तेरा चुलींची तेरा नावं गेली. त्या कागदावर 'पाळवस्ती' हा शब्द छापलेला आहे. सरकारी कागदावर तो पहिल्यांदाच आला. प्रल्हादनं त्याची प्रत काचेत बसवून विहारात लावली आहे. मी तिथे गेले की चष्मा पुसून ती एकदा वाचते.

त्यानंतर गयामायनं दोर सोडायची तयारी केली. सगळ्यांना वाटत होतं प्रल्हाद घेईल. तिने भोयांच्या घरची सून रंजना निवडली. प्रल्हादला वाईट वाटलं असावं. मी तिला विचारलं, रंजनाच का?

"तिले चुकलं त लाज वाटते," गयामाय म्हणाली. "प्रल्हादाले चुकलं त राग येते."

दोन हिवाळे तिने रंजनाला सोबत घेऊन गाळात फिरवलं. टाच रोवायला शिकवलं, आकडे मोजायला शिकवलं. शिट्टी मात्र रंजनाला जमली नाही. ती हात वर करते.

मी तिला शेवटची पाहिली ती मागच्या वर्षीच्या डिसेंबरात. गुडघे पार गेले होते. काठावर प्लास्टिकची खुर्ची ठेवून तिला बसवलं होतं, मी शेजारी उभी होते. खाली रंजना पहिल्यांदा एकटीनं मोजत होती. आठव्या वाट्याशी ती अडली. तिथे गाळ वरून सुकला होता पण आत कसा आहे याचा तिला अंदाज येईना. तिने वर पाहून हाक दिली, "मोठीमाय, इथं घेऊ का खालून घेऊ?"

गयामायनं तोंड दुसरीकडे वळवलं आणि पाण्याकडे पाहत बसली.

रंजनानं पुन्हा हाक दिली. मी म्हटलं, "मोठीमाय, ती विचारून राह्यली." तिच्याजवळ गेलं की माझ्याही तोंडात ते बोलणं यायचं.

"आयकू आलं मले."

"मग सांग ना."

"आता सांगतलं त पुढच्या साली कोनाले इचारन ते?" तिने माझा हात धरला. "चाल, मले घरी ने. मी इथं बसली त ते वरच पाहीन."

मी तिला उठवलं. मोजणी अर्धीच झाली होती, सहा वाटे बाकी होते. पन्नास वर्षांत तिने ती अर्धी कधी सोडली नव्हती. आम्ही पाळीवरून हळूहळू घराकडे चाललो. मी दोनदा मागे वळून पाहिलं. तिने एकदाही पाहिलं नाही. दारात पोचल्यावर तिने विचारलं, "काय केलं तिनं?" मी म्हटलं, खालून घेतला. तिने मान डोलावली आणि आत गेली. मी त्याच दिवशी वाशिमला परतले. एप्रिलमध्ये, हरभरा घरात आल्यावर, ती गेली.

अन्वी, सम्यक, तुम्ही याल तेव्हा केनवडहून जीप करा आणि तळ्यापाशी उतरा. पाळ शाबूत आहे. तेरा घरांत माणसं राहतात. यंदाचा गाळ वाटून झाला, आणि हरभरा उगवून आला आहे.

तुमची आजी